विचित्र तारे की विलक्षण तारे?

एका वाचकाने विचारलं आहे: काही उष्ण ताऱ्यांना मराठीत 'रासायनिकदृष्ट्या विचित्र तारे' म्हटलेलं वाचलं. 'विचित्र' योग्य की 'विलक्षण'? आणि हे तारे वेगळ्याच द्रव्याचे असतात का?

माझं मत 'विलक्षण'ला. 'विचित्र'मध्ये नापसंती डोकावते. 'विलक्षण' आपण 'विलक्षण थंडी' असं नुसतं जोर द्यायलाही वापरतो, पण त्याचा मूळ अर्थ 'ज्याचं लक्षण वेगळं तो', आणि ताऱ्याचं लक्षण म्हणजे त्याच्या वर्णपटातल्या (प्रकाश रंगांत फाकवल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या), वेगवेगळ्या मूलद्रव्यांमुळे उमटणाऱ्या काळ्या रेषा. १८९७ मध्ये हार्वर्ड वेधशाळेच्या अँटोनिया मॉरी यांनी श्यामशबल तारकासमूहातल्या एका ताऱ्याबद्दल नेमकं हेच टिपलं: कॅल्शियमची 'के' रेषा फिकी, आणि ४१२८–४१३१ अँगस्ट्रॉम (प्रकाशाच्या तरंगलांबीचं एकक) इथे गडद जोडरेषा. ती सिलिकॉनची, हे पुढे कळलं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही', आणि भाषांतरात गफलत होते ती इथेच. भाद्रपदा चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातला तारा घ्या. तो जोडतारा आहे. त्यातल्या मोठ्या ताऱ्याच्या वर्णपटात पारा आणि मँगनीज ठळक दिसतात. पारा तर सूर्याच्या हजारो पट. पण हा पारा ताऱ्यात सगळीकडे भरलेला नाही. असे तारे बहुधा स्वतःभोवती सावकाश फिरतात, त्यामुळे त्यांचे बाहेरचे थर फारसे घुसळले जात नाहीत. मग हीलियमसारखी मूलद्रव्यं हळूहळू खाली बसतात, आणि ज्यांचे अणू आतून येणारा प्रकाश भरपूर शोषतात ती वर ढकलली जातात. दुधावरच्या सायीवरून अख्ख्या पातेल्याचा हिशेब मांडू नये. म्हणून 'विलक्षण घटनेचे', म्हणजे वेगळ्याच द्रव्यांनी घडलेले, तारे हे भाषांतर मला पटत नाही. 'विलक्षण वर्णपटाचे तारे' म्हणावं. मूळ इंग्रजी संज्ञेतलं 'पी' ('पिक्युलियर'चं आद्याक्षर) हे अक्षरही ताऱ्याच्या नावाला नाही, वर्णपटावरून ठरणाऱ्या 'ए', 'बी' अशा वर्गाला जोडतात: एपी, बीपी.

अशाच आणखी एका गटासाठीचा, म्हणजे धातूंच्या रेषा ठळक असलेल्या ताऱ्यांसाठीचा, 'धातुरेषी तारे' हा शब्द मात्र छान आहे, तसाच राहू द्या. यांची गंमत अशी की 'के' रेषेवरून वर्ग ठरवला तर तो 'ए'च्या सुरुवातीचा येतो, लोखंडाच्या रेषांवरून ठरवला तर थेट 'एफ'कडे, म्हणजे त्याहून थंड ताऱ्यांच्या वर्गाकडे, सरकतो. आपला व्याधही सौम्य प्रमाणात याच गटातला. एरवी खगोलशास्त्रज्ञ हायड्रोजन आणि हीलियम सोडून सगळ्यांनाच, अगदी ऑक्सिजनलाही, धातू म्हणतात. इथे मात्र लोखंड, निकेल, जस्त असे खरेखुरे धातूच अभिप्रेत आहेत.