स्वप्नातला प्रवास सुरू आहे, मग रडू का येतं?

"मॅडम, मी कृतघ्न आहे का?" तिच्या ईमेलची सुरुवातच या प्रश्नाने झाली होती. नोकरीतून पैसे साठवून, घरच्यांचा विरोध पत्करून ती एकटी जग बघायला निघाली होती. पाठीवर एक बॅग. रोजच्या खर्चाला स्वतःच घालून घेतलेली कडक मर्यादा. लांबचा पल्ला शक्यतो रात्रीच्या बसने, कारण तेवढंच एका रात्रीचं भाडं वाचतं. मुक्काम हॉस्टेलमध्ये, आठ-दहा अनोळखी लोकांच्या खोलीतल्या वरच्या पलंगावर. इस्तंबूलहून निघून ती बाल्कन देशांमधून पुढे सरकत होती. बोस्नियातल्या मोस्तारचा जुना पूल बघायची तिची शाळेपासूनची इच्छा. १५६६ साली बांधून झालेला, १९९३ मध्ये युद्धात तोफगोळ्यांनी पाडलेला आणि २००४ मध्ये पुन्हा उभारलेला तो पूल. ती त्याच्यावर जाऊन उभी राहिली आणि तिला काहीही वाटलं नाही. संध्याकाळी बसमध्ये बॅग ठेवायचे वेगळे पैसे मागितले, तेव्हा मात्र ती हमसून हमसून रडली.

तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे. समुपदेशक म्हणून कमी पैशांत लांब फिरणाऱ्या तरुणांकडून ही तक्रार मी वरचेवर ऐकते, आणि बहुतेकांनी ती बरेच दिवस स्वतःपासूनच लपवलेली असते. आठवडाभर सुट्टीवर गेलेला माणूस 'फारसं आवडलं नाही' असं सहज सांगून टाकतो. पण ज्याने या प्रवासासाठी नोकरी सोडली, घरी वाद घातले, त्याला उदास व्हायची मुभाच उरत नाही. मग त्याला दोनच निष्कर्ष दिसतात. एक तर मीच वाईट, नाहीतर हे स्वप्नच खोटं. मला वाटतं, दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. आधी माणूस कसा जगतोय ते बघावं, स्वप्नाचा निवाडा नंतर.

म्हणून पहिल्या व्हिडिओ कॉलवर मी तिला स्वप्नाबद्दल काही विचारलंच नाही. सलग सहा-सात तास शेवटची कधी झोपलीस, एवढंच विचारलं. ती आठवत राहिली, तिला सांगता येईना. २०१६ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं होतं की अनोळखी जागेतल्या पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धगोल उजव्याइतका गाढ झोपत नाही, बारीकसारीक आवाजाला चटकन सावध होतो. ती दर दोन-तीन दिवसांनी गाव बदलत होती. म्हणजे तिच्या वाट्याला पुन्हा पुन्हा पहिलीच रात्र येत होती, आणि बसमधल्या रात्री त्याशिवाय. हे ऐकल्यावर तिचा चेहरा थोडा सैलावला. पुलासमोर काही न वाटण्याला अंगातला थकवाही कारण असू शकतो, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मलेरिया होऊ नये म्हणून काही गोळ्या घेतेस का, हेही विचारलं. लांब फिरणाऱ्या प्रत्येकाला विचारते. मेफ्लोक्विन नावाच्या औषधाने काही जणांना चिंता, उदासी, अगदी भास होण्यापर्यंत त्रास होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. ती असं काही घेत नव्हती. पण कुणी घेत असेल आणि मन एकाएकी बिघडलं असेल, तर समुपदेशकाच्या आधी डॉक्टरांशी बोलावं. गोळी आपल्या मनाने बंदही करू नये आणि तशीच रेटतही राहू नये.

मग पैशांवर आलो. ती प्रत्येक खर्च मोबाइलमध्ये नोंदवायची. मर्यादेच्या आत राहिली की त्या दिवसापुढे हिरवी खूण, ओलांडली की लाल. काटकसर ही अशा प्रवासाची गरजच असते, त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण तिच्या नोंदी वाचताना दिसलं की काटकसर आता साधन राहिली नव्हती, परीक्षा झाली होती. पाऊस असताना ती तासभर चालली होती, कारण बसचं तिकीट काढलं असतं तर लाल खूण पडली असती. एका संग्रहालयाच्या दारातून ती परत फिरली होती आणि नंतर दिवसभर स्वतःवर चिडलेली होती. एका वयस्कर माणसाने रस्ता दाखवायची तयारी दाखवली, तेव्हा हा पैसे मागेल म्हणून तिने त्याला तोडून टाकलं. तो नुसताच त्याच दिशेने चालत गेला. हे सांगताना तिला फार लाज वाटत होती.

कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात परक्या संस्कृतीचा धक्का या अनुभवाचं वर्णन केलं. त्याने दिलेल्या लक्षणांमध्ये फसवलं जाण्याची किंवा लुटलं जाण्याची अवाजवी भीती आहे, क्षुल्लक उशिरावरून येणारा संताप आहे आणि घरी परतण्याची तीव्र ओढही आहे. मी तिला ही यादी वाचून दाखवली. "हे सगळं मी माझा स्वभाव म्हणून लिहून ठेवलंय," ती म्हणाली. पैशांच्या चणचणीबद्दल अर्थतज्ज्ञ सेंधिल मुलैनाथन आणि मानसशास्त्रज्ञ एल्डर शफीर यांचं म्हणणं असं आहे की टंचाई माणसाचं लक्षच ताब्यात घेते, बाकीच्या विचारांना जागा कमी उरते. तिची टंचाई स्वतः ओढवून घेतलेली होती, खरोखरच्या गरिबीशी तिची तुलना होणार नाही. तरी दिवसभर डोक्यात हिशेब चालू असेल तर डोळ्यांसमोर पूल असूनही तो दिसत नाही, एवढं तिला पटलं. आम्ही खर्चाचा हिशेब दिवसाऐवजी महिन्याचा केला आणि झोपेसाठी थोडी रक्कम वेगळी काढली. दर काही दिवसांनी एक रात्र स्वतंत्र खोलीत काढायची आणि त्या रात्रीला लाल खूण द्यायची नाही, असं ठरलं.

हे सोपं होतं. अवघड गोष्ट पुढे होती.

"तिथे बोलायला कोण आहे?" या प्रश्नावर ती म्हणाली, "खूप जण. रोज नवीन." हॉस्टेलमध्ये माणसांना तोटा नसतो. पण बोलणं त्याच चार प्रश्नांवर थांबतं: कुठून आलीस, किती दिवस फिरतेयस, इथून पुढे कुठे, किती दिवस आहेस? जरा मोकळं बोलावं असं वाटेपर्यंत एक जण निघून गेलेला असतो. मला या बाबतीत हॉस्टेलचा जन्म आठवतो. जर्मनीतले शिक्षक रिचर्ड शिरमान १९०९ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले होते; वादळात सापडल्यावर त्यांनी एका शाळेत आसरा घेतला आणि अशा मुक्कामांची साखळी असावी हा विचार त्या रात्री त्यांच्या मनात आला. १९१२ मध्ये आल्तेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमस्वरूपी युवा हॉस्टेल सुरू झालं. त्या मुलांना सोबत शोधावी लागत नव्हती. एकत्र आली, एकत्र निघाली. आज एकटं फिरणारं माणूस त्याच खोलीत सोबतीच्या आशेने येतं आणि सोबत मिळाली नाही की आपल्यातच काही कमी आहे असं समजतं.

आणि घर? घरी ती रोज फोटो पाठवत होती. हसरे, उन्हातले. बाबांचा या प्रवासाला कडाडून विरोध होता. "मी रडते आहे असं सांगितलं तर ते जिंकतील," ती म्हणाली. म्हणजे जगात जी चार माणसं तिला खरोखर ओळखत होती, त्यांच्याशीच ती रोज खोटं बोलत होती. माझ्या मते तिचं खरं दुखणं हे होतं. झोप मोडली तर भरून काढता येते, पैसे संपले तर प्रवास आवरता येतो. पण आपलं खरं ऐकणारं कुणी नसेल तर कितीही सुंदर जागा असो, ती आत पोचत नाही.

मोठ्या बहिणीला सांगून बघ, असं मी सुचवलं. तिने धीर करून ताईला सगळं लिहिलं. ताईचं उत्तर आलं: "मग परत ये ना." ती दुखावली, आणि पुढच्या सत्रात म्हणाली की सांगून काही उपयोग झाला नाही. मी ताईला दोष देणार नाही. लांब असलेल्या माणसाचं दुःख ऐकलं की त्याला जवळ ओढून घ्यावंसं वाटतं, ती मायाच असते. पण ऐकणाऱ्याकडून नेमकं काय हवं ते आपणच सांगावं लागतं. तिने दुसऱ्यांदा लिहिलं, "ताई, परत यायचं की नाही ते मी बघीन. तू फक्त ऐक, उपाय सांगू नकोस." ताईने ते पाळलं. आठवड्यातून एकदा फोन, आणि त्यात दिवस जसा गेला तसा सांगायचा. महिनाभरात तिच्या आवाजातला फरक मलासुद्धा जाणवत होता.

या दरम्यान एका जागी थांबून पाहायचं ठरलं. नेरेत्वा नदीच्या काठाकाठाने जाणाऱ्या गाडीने ती सारायेव्होला गेली आणि तिथे एक खोली भाड्याने घेतली. यामागे एक व्यावहारिक कारणही होतं. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, अल्पमुदतीच्या मुक्कामाला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा असते, त्या धाकाने बरेच तरुण धावत राहतात. बोस्निया त्या गटात नाही, तिथले दिवस त्या हिशेबात धरले जात नाहीत. हॉस्टेलात काम करून फुकट राहावं असंही तिच्या मनात होतं. पण अनेक देशांत पर्यटक व्हिसावर असं काम, पगार नसला तरी, नियमाबाहेर मोजलं जातं. त्यामुळे तो विचार तिने सोडला.

थांबल्यावर पहिला आठवडा आणखी वाईट गेला. धावपळ थांबली तसे घरून सोबत आलेले प्रश्न वर आले. जुनी नोकरी का नकोशी झाली, पुढे काय करणार, बरोबरीचे कुठल्या कुठे गेले. "मॅडम, मी नुसती पळतेय का?" हा प्रश्न मला आई-वडीलही विचारतात, फक्त 'ती' म्हणून. मी त्याचं हो किंवा नाही असं उत्तर देत नाही. ज्याने 'ओळखीचा पेच', म्हणजे आपण नेमके कोण हा गोंधळ, ही कल्पना मानसशास्त्रात रूढ केली तो एरिक एरिकसन तरुणपणी स्वतः युरोपभर भटकत होता, चित्रं काढत होता. १९२७ मध्ये, पंचविशीत, मित्राच्या बोलावण्यावरून व्हिएन्नाच्या एका छोट्या शाळेत शिकवायला गेला आणि तिथे मनोविश्लेषणाकडे वळला. मोठ्या जबाबदाऱ्या थोड्या पुढे ढकलून स्वतःला आजमावून पाहण्याच्या अशा काळाला त्याने पुढे मान्यताच दिली. म्हणून प्रत्येक भटकणारा एरिकसन होतो असं नाही. मी एवढंच बघते की त्या काळात माणूस काही करून पाहतोय का. ती पाहत होती. भाषेचे चार शब्द शिकली, घरमालकिणीच्या नातवाला गणित समजावू लागली आणि त्यात तिला गोडी वाटली. शिक्षिका व्हायचं असं काही तिने ठरवलं नाही, मीही घाई केली नाही.

फिरणं थांबवलं की बरं वाटतं, असा निष्कर्ष यावरून कुणी काढेल. मीही जवळपास तसाच विचार करत होते. मग ती स्पेनला गेली आणि कामिनो दे सांतियागो या जुन्या ख्रिस्ती यात्रेच्या वाटेवर सारिया गावापासून चालू लागली. सांतियागोपर्यंतचं अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. पायी येणाऱ्याने निदान शंभर किलोमीटर चालल्याशिवाय यात्रेचं प्रमाणपत्र मिळत नाही. यात्रेकरूंसाठीच्या सार्वजनिक निवाऱ्यांत सहसा एकच रात्र राहू देतात. म्हणजे रोज नवं गाव, रोज नवा पलंग. तरीही तिथून आलेला तिचा निरोप आजवरचा सर्वांत आनंदी होता. कारण त्याच वेगाने चालणारी तीच माणसं तिला रोज संध्याकाळी पुन्हा भेटत होती. कालचं अर्धं राहिलेलं बोलणं आज पुढे जात होतं. जागा बदलण्याचा तिला त्रास नव्हता, माणसं बदलण्याचा होता. हे कळल्यावर पुढचे मुक्काम तिने त्या हिशेबाने ठरवले.

सगळ्यांचंच असं मार्गी लागत नाही. झोप कित्येक दिवस उडाली आहे आणि तरी अंगात भलताच जोर आहे, सगळे आपल्या वाईटावर आहेत असा संशय बसला आहे, किंवा जगू नये असे विचार येत आहेत, असं असेल तर थांबून प्रयोग करत बसू नये. त्या गावातल्या डॉक्टरांकडे लगेच जावं आणि घरी कळवून कुणाला तरी सोबत बोलवावं.

ती परतली. परतीच्या आधीच मी तिला सांगितलं होतं की घरी आल्यावर पुन्हा एक घसरण येऊ शकते. गलाहॉर्न या संशोधक दांपत्याने १९६३ मध्येच हे मांडलं होतं, की परक्या देशात जुळवून घेताना मन जसं खाली-वर होतं तसंच ते मायदेशी परतल्यावरही होतं. तिचंही तसंच झालं. गोष्टी ऐकायला कुणाला फार वेळ नव्हता. बाबांनी पहिल्याच आठवड्यात "आता पुढे काय?" विचारलं. एका सत्राला मग तेही आले. एवढं झालं होतं तर आम्हाला सांगितलं का नाही, असं त्यांनी मुलीला विचारलं.

"तुम्ही 'मी आधीच सांगितलं होतं' म्हणाला असतात."

ते थोडा वेळ गप्प राहिले. "म्हणालो असतो," असं त्यांनी कबूल केलं. मग ताईशी तिचं जे ठरलं होतं ते त्यांनी नीट समजून घेतलं: आठवड्याला एक फोन, फोटो नाहीत, सल्ला नाही. "पुढच्या वेळी तो फोन मला करशील?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, एक आठवडा तुम्हाला, एक ताईला.