सेवेसाठी परदेशी आलेल्या ज्येष्ठ दांपत्याची भांडणे

‘चाळीस वर्षांच्या संसारात भांडलो नसू तेवढे आम्ही या चार महिन्यांत भांडलो. आमच्यातले प्रेम आटले आहे का?’ असा प्रश्न निवृत्त दांपत्ये मला वारंवार विचारतात. न्यूझीलंडमधील हॅमिल्टन शहरात मी समुपदेशन करते. तिथे हा प्रश्न घेऊन अमेरिकेतील युटा राज्याचे एक पती-पत्नी माझ्याकडे आले होते. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे.

दोघे ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’चे, म्हणजे लोक ज्याला मॉर्मन चर्च म्हणतात त्याचे, सेवक म्हणून आले होते. या चर्चचे विशी-बाविशीतले तरुण प्रचारक अनेकांनी पाहिलेले असतात. परंतु निवृत्त दांपत्येही साधारण सहा ते तेवीस महिन्यांसाठी अशा सेवेला जातात, आणि तीही पगाराशिवाय, स्वतःच्या बचतीतून खर्च करून. हॅमिल्टनच्या कडेला टेंपल व्ह्यू नावाची वस्ती आहे. तेथील या चर्चचे मंदिर 1958 मध्ये स्वयंसेवकांच्या श्रमातून उभे राहिले, त्यामुळे सेवेसाठी आलेले परदेशी ज्येष्ठ ही तिथे नवलाईची गोष्ट नाही. तरुण प्रचारकांनी सकाळी साडेसहाला उठण्यापासूनचे कडक वेळापत्रक पाळायचे असते. ज्येष्ठांना ते लागू नसते. आमच्या दांपत्याने मात्र ते हौसेने स्वतःला लावून घेतले होते.

त्यांचा दिवस एकत्र धर्मग्रंथवाचनाने सुरू होई. नंतर एकाच गाडीतून दोघे कार्यालयात जात. पती तरुण प्रचारकांच्या भाड्याच्या घरांची आणि वाहनांची व्यवस्था पाहत. कुठे भिंतीला बुरशी आली आहे, कुठे धुराची सूचना देणारे यंत्र बंद पडले आहे, हे तपासायला गावोगाव फिरत. पत्नी शेजारच्या टेबलावर बसून त्याच कामाच्या नोंदी ठेवत आणि फेरीवरही सोबत जात. सोमवारी दुपारी, म्हणजे युटामध्ये रविवारची संध्याकाळ असताना, मुले-नातवंडे जेवायला एकत्र जमली की व्हिडिओ कॉल होई, तोही एकाच फोनवर दोघांनी डोके लावून. रात्री पुन्हा एकत्र प्रार्थना. त्या प्रार्थनेतच पत्नीला रडू येऊ लागले होते, कारण देवाचे काम करायला आलेल्या माणसांनी गाडी कुठे वळवायची यावरून एकमेकांवर ओरडावे, याची तिला लाज वाटत होती. मूळ भांडणापेक्षा ही लाज मला अधिक घातक वाटली. या लाजेमुळे प्रत्येक किरकोळ कुरबुरीला पापाचे वजन येत होते.

मी त्यांना प्रेमाबद्दल काहीही विचारले नाही. युटामध्ये दिवसाच्या कोणत्या वेळी कोण कुठे असे, एवढेच दोघांना वेगवेगळे लिहायला सांगितले. पत्नीची शाळा, निवृत्तीनंतरचा बहिणीशी रोजचा फेरफटका, पतीचे गॅरेज आणि शेजारचा मित्र अशी ती यादी होती. म्हणजे चाळीस वर्षांच्या सलोख्यातला बराच भार या माणसांनी आणि जागांनी उचलला होता, आणि विमानात बसताना तो सगळा मागे राहिला. अशा वेळी ‘एकमेकांशी अधिक बोला’ हा नेहमीचा सल्ला निरुपयोगी ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांना बोलण्याची नव्हे, तर काही तास एकमेकांपासून दूर राहण्याची गरज होती; आणि ते दूर राहणे म्हणजे कर्तव्यात कसूर नव्हे, हे कोणीतरी सांगण्याची.

पहिला प्रश्न गाडीचा होता. डाव्या बाजूने चालवण्याच्या भीतीने पत्नीने तिथे गाडीला हातच लावला नव्हता, आणि आयुष्यभर स्वतः गाडी चालवणारी ही बाई आता शेजारी बसून सूचना देण्यापुरती उरली होती. तिने एका प्रशिक्षकाकडे थोडे धडे घेतले, चर्चच्या मोकळ्या पार्किंगमध्ये सराव केला. नंतर वरिष्ठांशी बोलून आठवड्यातले दोन दिवस तिने टेंपल व्ह्यूमधील चर्चच्या इतिहास संग्रहालयात काम मागून घेतले, जिथे पूर्वजांची माहिती शोधायला आलेल्या कुटुंबांना मदत करताना तिच्यातली शिक्षिका पुन्हा जागी झाली. सोमवारचा कॉल एकत्रच राहिला, पण थोरल्या मुलीशी ती आता एकटी बोलते.

पतीबाबत मात्र मला वेगळीच शंका होती. तरुण प्रचारकांशी ते नीट बोलत, पण स्थानिक घरमालकांना तुटक उत्तरे देत आणि मग पत्नीने मध्ये पडून बोलणे सावरले की चिडत. उतारवयात आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, त्यामुळे ‘स’, ‘फ’सारखी व्यंजने निसटतात, त्यात न्यूझीलंडचे स्वरोच्चार अमेरिकन कानाला अनोळखी. श्रवणचाचणीत दोष निघाला. ज्याला आम्ही सगळे तिरसटपणा समजत होतो, त्यातला बराच भाग न ऐकू येण्याचा होता. म्हणूनच उतारवयातल्या नव्या भांडणांसाठी कोणी आले की कान, झोप, थायरॉइड आणि स्मरणशक्ती यांची तपासणी झाली आहे का, हे मी आधी विचारते. स्वभावात अचानक मोठा बदल झाला असेल, धमकी किंवा मारहाण होत असेल, तर तास वाटून घेण्याचा हा उपाय पुरेसा नाही. तिथे डॉक्टर आणि सुरक्षितता आधी.

मुलांकडे सहा-सहा महिने राहायला येणारे मराठी आई-वडीलही माझ्याकडे हीच तक्रार आणतात, आणि त्यांनाही मी यादी करायला लावते. बसचे कार्ड, वाचनालयाचे सदस्यत्व, दोघांचे वेगळे फोन आणि वेगळ्या वेळेचे फिरणे, एवढ्यावरही पुष्कळ घरांत निभावते.

त्या दांपत्याची भांडणे थांबली नाहीत, पण आता ती आठवड्यातून एखाद्या वेळी होतात. पती श्रवणयंत्र कार्यालयात नेमाने लावतात आणि घरी काढून ठेवतात. यावर पत्नीचा आक्षेप कायम आहे.