वादळानंतरच्या बेटांवर क्रूझने जावं का?

वाचक विचारतात : प्रवास, जानेवारी २०१८

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो. मार्चमध्ये आईबाबा पुण्याहून येतायत, त्यांच्यासाठी सॅन हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टिन अशी कॅरिबियन बेटांची सात रात्रींची क्रूझ जुलैतच बुक केली होती. मग सप्टेंबरात इर्मा आणि मारिया ही वादळं आली. टीव्हीवर बघितलं त्यावरून तिथं काही उरलंय असं वाटत नाही, आणि लोकांची घरं पडलेली असताना आपण जाऊन मजा करायची हे आईला पटत नाहीये. कॅन्सल करू का?

उत्तर : नका करू. आईंना जे वाटतंय ते बरोबरच आहे, किल्लारीच्या भूकंपानंतर बघ्यांच्या गाड्या तिकडे कशा लोटल्या होत्या ते त्यांना आठवत असणार. पण इथलं गणित उलटं आहे हो. या बेटांचं पोट टुरिस्टवर आहे, आणि हॉटेलं बंद असल्यामुळे सध्या तिथं येऊ शकणारा माणूस म्हणजे मुख्यतः जहाजातला. जहाज आपली खोली, वीज, पाणी, जेवण सगळं बरोबर घेऊन येतं, बेटाकडे मागतं फक्त लागायला धक्का. आणि धक्का सगळ्यात आधी दुरुस्त होतो कारण मदतीचं सामानही तिथूनच उतरतं. बुडालेल्या होड्या, कंटेनर वगैरे खाली कुठं अडकलेत का हे तपासलं, बंदरात शिरायची वाट मोकळी केली की जहाजं चालू. म्हणून सेंट थॉमसला १० नोव्हेंबरलाच पहिलं क्रूझ जहाज लागलं, सेंट मार्टिनला डिसेंबरात, आणि सॅन हुआनलाही वर्ष संपायच्या आत जहाजं येऊ लागली.

म्हणजे सगळं ठीक झालंय असं मात्र समजू नका. मी डिसेंबरात सेंट थॉमसला होते. इर्मा ६ सप्टेंबरला गेली तेव्हा वाऱ्याने झाडांची पानंच ओरबाडून नेली होती, हिरवे डोंगर विटकरी दिसायला लागले होते, पण मी गेले तोवर परत पालवी फुटून सगळं हिरवंगार. आम्ही तिथल्या सफारीत बसलो, म्हणजे मागे बाकडी टाकलेला उघडा ट्रक, हीच तिथली टॅक्सी (अमेरिकेचं बेट असूनही गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात, बाबांना हे आवडेल). ड्रेक्स सीटला गाडी थांबली, खाली मॅगन्स बे, सगळे फोटो काढण्यात गुंग. ड्रायव्हरने हळूच माझ्या खांद्याला हात लावून मागचा डोंगर दाखवला, तिथं घरांवर निळ्याच निळ्या ताडपत्र्या. त्यातली तिसरी माझी म्हणाला, आणि परत गाडीत जाऊन बसला. मला पुढचा फोटो काही घेववला नाही.

सॅन हुआनचं जुनं शहर तुम्हाला जवळजवळ पूर्वीसारखं वाटेल, निळसर दगडांचे रस्ते, एल मोरो किल्ला, दुकानं चालू. पण मारिया २० सप्टेंबरला गेली आणि सॅन हुआन ज्या बेटावर आहे त्या पोर्तो रिकोत अजूनही लाखो लोकांच्या घरी लाइट नाहीत, हे लक्षात असू द्या. एल युंकेचं जंगल या खेपेला सोडून द्या. सेंट मार्टिनला (बेटाची एक बाजू डच, दुसरी फ्रेंच) डच बाजूच्या फिलिप्सबर्गमधला फ्रंट स्ट्रीट आणि समोरचा बीच जमेल तेवढा चालू झालाय, फ्रेंच बाजूचा ओरिएंट बीच मात्र पार झोडपला गेलाय. डोक्यावरून विमान जातं तो माहो बीच बघता येईल, पण तिथल्या एअरपोर्टची बिल्डिंग मोडल्यामुळे प्रवाशांची सोय तंबूत केलीय.

आणि एक, आईबाबांचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना ते आजच बघा. सेंट मार्टिन म्हणजे अमेरिकेबाहेर, वादळापेक्षा हे जास्त महागात पडेल.

प्रश्न : आमच्या क्रूझमध्ये डॉमिनिका होतं, कंपनीने ते काढून भलतंच बेट घातलं. पैसे परत मिळतील का? (ठाणे)

उत्तर : बहुतेक नाही. तिकिटाच्या करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की बंदर बदलायचा किंवा गाळायचा हक्क कंपनीचा, आपण न वाचता टिक करतो. फार तर त्या बंदराची फी परत येते, तीही बऱ्याचदा जहाजावर खर्च करायला क्रेडिट म्हणून. जहाजाकडून घेतलेली टूर असेल तर तिचे पैसे मिळतात, बाहेरून बुक केली असेल तर त्या माणसाशी बोला. आणि डॉमिनिकावर रागावू नका, १८ सप्टेंबरला मारिया तिथं पाच नंबरची, म्हणजे सगळ्यात तीव्र होऊन धडकली, क्वचितच एखादं छप्पर धड राहिलं. (शेजारी विचारतील 'अरे पण पुंटा कानाला तर लोक जातायत की', ते डॉमिनिकन रिपब्लिक, वेगळा देश.) बदली म्हणून सेंट लुसिया, बार्बाडोस किंवा अरुबा मिळालं असेल तर तिथं या वादळांचा त्रास फारसा नाहीये, खुशाल जा.

प्रश्न : जाताना तिथल्या लोकांसाठी जुने कपडे, चादरी न्याव्यात का?

उत्तर : नको. कुणाला देणार, धक्क्यावर उभं राहून? आपत्तीनंतर अशा कपड्यांचे ढीग पडून राहतात आणि ते निवडायलाच माणसं लागतात. त्यापेक्षा दुपारचं जेवण जहाजावर फुकट आहे म्हणून परत धावू नका, गावात जेवा. टोपी, मसाला, रमची बाटली काय घ्यायचं ते धक्क्याबाहेरच्या बाईकडून घ्या, आणि शंभराची नोट पुढे करू नका, एक-एकच्या आणि पाच-पाचच्या डॉलरच्या नोटा घरूनच घेऊन निघा.