ऑर्हूसचा मुलगा, नॉर्वेचा बर्फ

प्रश्न : आम्ही काही वर्षांपासून डेन्मार्कमध्ये, ऑर्हूसला राहतो. मुलगा 14 वर्षांचा आहे. लहानपणापासून इथल्या क्लबमध्ये आइस हॉकी खेळतो. सुट्टीत नॉर्वेला स्कीइंग शिकला आणि आता हॉकी सोडून स्लॅलम (बर्फाच्या उतारावर खांबांमधून वळणं घेत करायची स्कीइंगची शर्यत) करायचं म्हणतो. डेन्मार्कमध्ये स्कीइंगवाले कमी, म्हणजे ऑलिंपिकला लवकर नंबर लागेल, असं त्याचं म्हणणं. त्याला काय सांगू? – एक आई

उत्तर : ताई, नमस्कार.

हो-नाही ठरवण्याआधी त्याच्यासोबत बसून हे गणित तपासा. देशात स्पर्धक कमी आहेत हे खरं. पण ऑलिंपिकसाठी आंतरराष्ट्रीय शर्यतींत एफआयएसचे (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे) गुण मिळवावे लागतात आणि तिथे गाठ पडते नॉर्वे, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडच्या मुलांशी. ती मुलं डोंगराच्या पायथ्याशी वाढलेली. डेन्मार्कचं सर्वांत उंच नैसर्गिक ठिकाण, मोलेहोय, 171 मीटरसुद्धा भरत नाही. कोपनहेगनमध्ये कचरा जाळून वीज करणाऱ्या प्रकल्पाच्या छतावर 2019 पासून स्कीइंगचा उतार आहे. तिथे हौस भागते, पण स्लॅलमपटू घडायला खरा डोंगर आणि लांबलचक हिवाळा लागतो. म्हणजे शाळेच्या वयातच परदेशी जाणं आलं, आणि तो खर्च बहुतेक तुमच्यावरच येईल.

डेन्मार्कचं यश आलंय ते छपराखालच्या बर्फावर. देशाचं पहिलं हिवाळी ऑलिंपिक पदक 1998 मध्ये नागानोला महिलांच्या कर्लिंग (बर्फावरून दगड सरकवण्याचा खेळ) संघाने मिळवलं. हॉकीत तर फार मोठी मजल मारली आहे. हर्निंगचा फ्रान्स निल्सन 2007 मध्ये एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या अव्वल व्यावसायिक हॉकी लीगमध्ये खेळणारा पहिला डॅनिश खेळाडू ठरला. 2018 मध्ये लार्स एलर त्याच लीगचा विजेतेपदाचा करंडक, स्टॅनली कप, जिंकणारा पहिला डॅनिश झाला. 2022 मध्ये बीजिंगला पुरुष संघ प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरला आणि थेट उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. 2025 च्या जागतिक स्पर्धेत तर हर्निंगमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, त्यांनी कॅनडाला 2-1 असं हरवलं आणि अखेरीस चौथा क्रमांक मिळवला. तुमचा मुलगा या खेळात आधीच आहे! इतकी वर्षं घोटवलेलं स्केटिंग सोडून उताराची सुरुवात शून्यापासून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. स्कीइंग सुट्टीत खुशाल करू द्या.

मात्र हॉकीतही सगळ्यांचं पोट भरत नाही, म्हणून शिक्षण सुटता कामा नये. डेन्मार्कमध्ये याची सोय चांगली आहे. 'टीम डॅनमार्क' ही संस्था ज्यांना गुणवान खेळाडू म्हणून मान्यता देते, त्यांना तीन वर्षांचं जिम्नॅशियम (तिथलं उच्च माध्यमिक शिक्षण) चार वर्षांत पूर्ण करता येतं. त्याआधी एखादं वर्ष खेळावर भर देणाऱ्या एफ्टरस्कोलेत (किशोरवयीन मुलांच्या निवासी शाळेत) घालवता येईल. एलरसुद्धा कोवळ्या वयात स्वीडनला खेळायला गेला होता. पण तो रस्ता क्लबने बोलावलं तरच धरायचा.

तुम्ही न विचारलेला एक मुद्दा : ऑलिंपिकला त्या देशाचं नागरिकत्व लागतं. डॅनिश नागरिकत्वाची वाट लांब आहे आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणजे भारतीय पासपोर्ट सोडावा लागेल. हा निर्णय घरात सगळ्यांनी मिळून घ्यायचा आहे. मुलाच्या हट्टाखातर नको आणि त्याला अंधारात ठेवूनही नको.

या आठवड्यात क्लबच्या प्रशिक्षकांना भेटा आणि थेट विचारा : याच्या वयाच्या देशातल्या मुलांमध्ये हा कुठे आहे? भेटीला मुलालाही सोबत न्या.