सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली, डॉक्टरांना काय विचारू?

तळोद्याच्या शिबिरात सात वर्षांच्या भाचीची टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि घरात रडारड चालू आहे, असं तुम्ही लिहिलंय. जरा थांबा. सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, त्यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. सोल्युबिलिटी टेस्ट रक्तात सिकल हिमोग्लोबिन (पेशी वाकवणारं सदोष हिमोग्लोबिन) आहे एवढंच सांगते. पोरगी नुसती वाहक (एएस, म्हणजे सिकलचं जनुक एकाच पालकाकडून आलेली) आहे की रुग्ण (एसएस, दोघांकडून आलेली), हे त्यात कळत नाही. ते कळतं इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्यांवर. म्हणून पहिला प्रश्न हाच: ही पक्की तपासणी कुठे आणि कधी होईल? मागच्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं असेल तर आधीच सांगा, नाहीतर रिपोर्ट फसवा येतो.

वाहक निघाली तर सहसा औषध लागत नाही. आईबापांचीही तपासणी मात्र करून घ्या. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. (आमच्याकडे सोयरीक जुळवताना गोत्र बघतात, हे कोणी विचारत नाही.)

रुग्ण निघाली तर हायड्रॉक्सियुरिया (दुखण्याचे झटके कमी करणारं औषध), फॉलिक ॲसिड आणि लसींबद्दल विचारा. लोहाच्या गोळ्या मनाने देऊ नका, रक्त कमी असण्याचं कारण इथे वेगळं असतं. उन्हाळ्यात पाणी भरपूर पाजा. हातपाय दुखले की म्हातारी माणसं "वात शे, उतरी जाई" म्हणतात. पण ताप, छातीत दुखणं, धाप किंवा पोटाच्या डाव्या बाजूला अचानक फुगारा दिसला तर त्याच क्षणी दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका.