लेथवर लाकूड कातायला आणि तशी इतर हस्तकौशल्यं शिकायला चांगले व्हिडिओ कसे शोधायचे?

"व्हिडिओ बघून कुणी टर्नर झालाय का?" हे वाक्य मी सहा वर्षं ऐकतोय, म्हणून उत्तर लिहायला बसलो. म्हणणारा माझा थोरला भाऊ. आयटीआय टर्नर, भोसरीत तीस वर्षं लोखंड कातलंय त्याने.

मी छोटा वुड लेथ (लाकूड गोल फिरवून कातायचं यंत्र) घेतला तेव्हा ज्या चॅनेलच्या नादी लागलो, तिथे सगळं चकाचक होतं. रेझिन ओतलेले वाडगे, मागे गिटार, बारा मिनिटांत ओंडक्याचा वाडगा तयार. तो माणूस जाडजूड गोल पटाशीने साल सपासप काढत होता. मीही आंब्याचा नऊ इंची तुकडा फेसप्लेटवर, म्हणजे लेथच्या फिरत्या तबकडीवर, चढवला आणि संचातली सगळ्यात मोठी पटाशी घेऊन भिडलो. ती होती स्पिंडल रफिंग गाउज. तिसऱ्या मिनिटाला हत्यार अडकलं, मुठीपाशी वाकलं आणि तुकडा सुटून थेट ट्यूबलाइटवर. दादा चहा घेऊन दारातच उभा होता. "आरपीएम किती होता?" म्हणजे मिनिटाला फेरे किती, एवढंच विचारलं त्याने. मला सांगता येईना. व्हिडिओत तो आकडा कुठे आलाच नव्हता.

आता कळतं काय झालं ते. वाडग्याच्या तुकड्यात लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, आडवी असते, त्यामुळे एका फेरीत दोनदा धारेसमोर रेषेचं तोंड येतं आणि हिसका बसतो. रफिंग गाउजची मुठीत शिरणारी शेपटी बारीक असते, ती हा हिसका सोसत नाही. ते हत्यार लाटण्यासारख्या उभ्या रेषेच्या कामाचं. व्हिडिओवाल्याच्या हातात बाऊल गाउज, म्हणजे वाडग्यासाठीची पटाशी होती, पण हे सांगायची त्याला गरज वाटली नाही. वेगाचाही साधा हिशेब आहे: इंचातला व्यास गुणिले आरपीएम, उत्तर 6000 ते 9000 च्या मध्ये. म्हणजे नऊ इंचाला हजारच्या आत. माझ्या लेथचा वेग ठरवणारा पट्टा 1400 वर होता.

तेव्हा चॅनेल सापडलं की आधी त्यावर धार लावण्याचा लांबलचक, कंटाळवाणा व्हिडिओ आहे का ते बघा. नसेल तर पुढे जा. कॅमेरा माणसाच्या तोंडावर नको, धारेवर हवा. आणि संगीत नकोच, कारण धारेमागचा उतार लाकडाला नीट टेकलाय की नाही हे आवाजावरून कळतं. ऑस्ट्रेलियाचे रिचर्ड रॅफन 1970 पासून हे काम करतायत, त्यांचे व्हिडिओ बघा. सजावट नाही, हत्यार काय करतंय ते दिसतं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांवरच्या लाखकामाचे व्हिडिओही बघण्यासारखे आहेत. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाने वितळून कशी चढते, हे न कापलेल्या चित्रीकरणातच समजतं. मातीकाम, विणकाम वगैरेंचं मला विचारू नका.

दादाचं दुसरं वाक्य, "लेथ म्हणजे लेथ." नाही. त्याच्या लेथवर हत्यार नटबोल्टने आवळलेलं असतं, माझ्या लेथवर ते माझ्या हातात असतं. त्याचं तीस वर्षांचं ज्ञान इथे अर्धंच चालतं. हे त्याला आजही मान्य नाही.

पहिला महिना वाडग्याच्या वाटेला जाऊ नका, लाटणी काता. साग शक्यतो टाळा, त्यातल्या सिलिकाने धार लगेच बोथट होते. हो, आणि हे आधीच सांगायला हवं होतं: पूर्ण चेहरा झाकणारं शील्ड घाला, हातमोजे आणि सैल बाह्या अजिबात नकोत, सुरू करताना तुकडा सुटला तर ज्या दिशेने उडेल तिथे उभे राहू नका.

एक कबूल करतो. ग्राइंडरवर हत्याराला किती दाब द्यायचा, हे मला कुठल्याच व्हिडिओतून कळलं नाही. ते दादाने माझ्या हातावर हात ठेवून दाखवलं. तो असलं काही वाचत नाही म्हणून लिहितोय.

गेल्या दिवाळीत वहिनीला शिसवी लाटणं कातून दिलं. दादाने खिशातून व्हर्नियर काढला, दोन्ही टोकं मोजली आणि म्हणाला, "अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे." लाटण्यात!