स्वयंसेवक टिकत नाहीत? आधी बागेच्या फाटकाचं कुलूप बघा

तुम्ही विचारलंय, जुळे सोलापुरात कॉलनीच्या बागेसाठी गट केला, पहिल्या रविवारी चाळीस माणसं आली, तिसऱ्या रविवारी पाच उरली, तर माणसं टिकवायची कशी. मी अक्कलकोट रोडच्या बाजूला राहतो, रिटायर वायरमन आहे, आणि ह्याच प्रश्नापायी माझं शाळेपासूनच्या एका मित्राशी २०२२ पासून बोलणं बंद आहे. तेव्हा उत्तर लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

ती पस्तीस माणसं परत येणार नाहीत. त्यांच्या मागं लागू नका. वाईट नाहीत ती, बाग त्यांनाही हवीय, पण दुपारी बारा वाजता ती बागेत नसतात. कुणी ऑफिसात, कुणी कूलरपुढं. दुपारी ज्याचं बूड त्या सावलीत टेकतं तोच मे महिन्यात झाडाला पाणी घालतो. एवढं कळायला मला तीन उन्हाळे लागले.

आमची जागा म्हणजे लेआउटमधली ओपन स्पेस. वेड्या बाभळी, गाजर गवत, आणि प्रत्येक घर बांधताना उरलेला राडारोडा. एका कोपऱ्यात एक जुना कडुनिंब, कॉलनीच्याही आधीचा. २०१७ ला मी रिटायर झालो आणि सोसायटीचे अध्यक्ष, म्हणजे हाच मित्र, म्हणाला, "घरात बसून काय करलालास बे? चल, बाग करू." ज्या माणसानं ३१ वर्षं पावसाळ्याच्या तोंडावर शिडी लावून तारेला लागणाऱ्या फांद्या तोडल्या, त्याच्या हातात रोप दिलं. बायको हसली होती.

५ जूनला, पर्यावरण दिनाला, ५२ खड्डे, ५२ रोपं, चहा, केळी, फोटो. व्हॉट्सअ‍ॅपवर ६४ जणांचा ग्रुप. पुढच्या मे महिन्यात मी वही घेऊन मोजायला गेलो तर ९ झाडं जिवंत. काही शेळ्यांनी खाल्ली, दोन क्रिकेटमध्ये गेली, बाकीची नुसती वाळली. सोलापूरला वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. जूनमध्ये एक वळीव पडतो आणि मग आभाळ नुसतं भरून येतं. इथं ५ जूनला रोप लावणं म्हणजे पाहुण्याला पाटावर बसवून मग बाजाराला निघणं. फोटो काढायचा तर ५ जूनला खड्डे काढतानाचा काढा, रोप ऑगस्टमध्ये लावा. ते सप्टेंबर-ऑक्टोबरचं पाणी पिऊन थंडीत मूळ धरतं.

२०१८ ला आम्ही तसंच केलं, ऑगस्टअखेर ४० रोपं. कडुनिंब, करंज, चिंच, चार बहावे. उन्हाळ्यासाठी मी मडकी पुरायची ठरवली. रोपापासून फूटभर अंतरावर मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं, ते पाझरत राहतं आणि मुळं तिकडं वळतात. पैसे वाचवायला मी घरोघरचे जुने माठ गोळा केले. अठ्ठावीस मिळाले, दोन दिवस राबून पुरले. चौथ्या दिवशी बघतो तर सगळे काठोकाठ भरलेले! आधी वाटलं कुणीतरी पाणी घालून गेलं. मग डोक्यात ट्यूब पेटली. माठ आपण बदलतो कधी? पाणी गार होईना झालं की. आणि गार का होत नाही, तर बोअरच्या क्षारानं त्याची बारीक भोकं बुजलेली असतात. ज्या दोषापायी तो घरातून निघाला त्याच दोषापायी तो बागेतही निकामी. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस उकरून काढले, कुंभाराकडून नवी आणली. भाजलेली, पण बाहेरून रंग न दिलेली. तोंडावर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवायचा, नाहीतर डासांची पैदास होते आणि मग सगळी कॉलनी तुमच्या नावानं बोंबलते.

आता अक्कांचं सांगतो.

आमच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या खोल्या आहेत. एप्रिलपासून त्या अकरानंतर तव्यासारख्या तापतात. तिथल्या चारपाच बायका विड्या वळतात, त्या सूप घेऊन जुन्या कडुनिंबाखाली येऊन बसायच्या. तुम्ही सोलापूरचेच, विडी वळताना बघितलीच असेल. पण शेजारी बसून बघितलीय का? ओल्या फडक्यातून तेंदूचं पान काढायचं, त्यावर पत्र्याचं माप ठेवून कात्री फिरवायची, चिमटीनं तंबाखू घालायची, वळायचं, दोरा, टोक मुडपलं की झाली. आणि हे होताना नजर पानावर नाहीच. नजर रस्त्यावर, पोरांवर, माझ्यावर. मोठ्या अक्कांचं दिवसाला हजार विड्यांचं काम.

२०१९ चा उन्हाळा आठवतोय ना? आदल्या साली पाऊस नाही, उजनी धरण उणे पातळीत, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली, नळ चार-पाच दिवसांआड. ६४ जणांच्या ग्रुपातले तिघं उरलो होतो, त्यातल्या एकाचा गुडघा गेलेला. एका दुपारी मी सातव्या मडक्यापाशी कंबर धरून उभा होतो, तेव्हा अक्का म्हणाल्या, "अण्णा, ठेवा ती घागर. आम्हाला पाय मोकळे करायला उठायचंच असतंय की."

झालं. त्या दिवसापासून मी फक्त मागच्या दाराच्या टाकीत पाणी आहे का बघायचो. शंभर-दोनशे विड्या झाल्या की एक बाई उठायची, चार मडकी भरायची, परत बसायची. यादी नाही, पाळ्या नाहीत, "आज कोण येतंय?" असा मेसेज नाही. ४० पैकी ३३ झाडं त्या उन्हाळ्यातून निघाली. मी त्यांना कधी स्वयंसेवक म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर त्यांना हसू आलं असतं.

मार्च २०२० ला फाटकाला कुलूप लागलं. तेव्हा लागायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण करोना गेला आणि कुलूप राहिलं. शेजारी पाटी आली: सकाळी ६ ते ९, संध्याकाळी ५ ते ८. मी मित्राला विचारलं, दुपारी का बंद? म्हणाला, तंबाखूचा वास येतो, तक्रारी आहेत, बागेला वळण राहत नाही. "हे उद्यान आहे, कारखाना नाही." त्याच सुमाराला त्यानं मधल्या दोन हजार चौरस फुटांवर लॉन टाकलं आणि वाटांना पेव्हर ब्लॉक, ते थेट झाडाच्या बुंध्याला भिडवून. बुंध्याभोवती एक मीटर तरी मोकळं सोडावं लागतं. २०१३ ला राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीतल्या झाडांसाठी नेमका तसा आदेश दिला होता, मी त्याला कात्रण नेऊन दाखवलं. तो म्हणाला, हे दिल्ली नाही. बरोबर आहे, दिल्लीला यमुना आहे!

लॉनचा हिशेब मी मीटिंगमध्ये मांडला होता, इथंही मांडतो, कारण तेव्हा कुणी ऐकला नाही. दोन हजार चौरस फूट म्हणजे साधारण १८५ चौरस मीटर. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज पाच लिटर धरलं तर रोज सव्वानऊशे लिटर. पाच हजार लिटरचा टँकर साडेपाच दिवसांत खलास. आमची ३३ मडकी सात लिटरची, चौथ्या दिवशी भरायची, म्हणजे चार दिवसांना २३१ लिटर. ज्या गावात बायका नळाच्या दिवशी सुट्टी टाकून घरी राहतात, त्या गावात हिरवळ विकत घ्यायची तर घ्या, पण तिला पर्यावरण म्हणू नका.

२०२२ चा एप्रिल. ग्रुपवर पाळ्यांचा तक्ता लागला, रंगीत, सोमवार अमुक, मंगळवार तमुक. अंगठे सगळ्यांनी दिले. मी आठ दिवस लेकीकडं पुण्याला गेलो. परत आलो आणि सकाळी सहाला, फाटक उघडायच्या वेळेला, सरळ बहाव्यापाशी गेलो. फरशीचा तुकडा उचलला. मडक्यात तळाला एक मेलेला भुंगा, बाकी कोरडं. बाजूच्या मातीत बोट घातलं तर पहिलं पेर जाईना. काळी माती अशी भेगाळली होती की भेगेतून मुळीचा तुटलेला धागा दिसत होता. पाच झाडं गेली, त्यात दोन बहावे. पुढच्या साली फुलले असते असं मला आपलं वाटतं.

त्याच दिवशी मी मित्राकडून "मोटर बघायचीय" म्हणून चावी घेतली, नवी पेठेत फुटपाथवरच्या चावीवाल्याकडं गेलो, दुसरी करून घेतली, आणि संध्याकाळी अक्कांच्या हातात दिली. सरळ सांगतो, चोरून दिली. पाटी होती, ठराव होता, मी दोन्ही मोडले.

पंधरा दिवसांनी दुपारी बाग उघडी दिसली आणि मीटिंग बसली. मित्र म्हणाला, तू सोसायटीचा विश्वासघात केलास. मी म्हणालो, तू उन्हाळ्यात पाणी घालणाऱ्यांनाच हाकललंस. तो म्हणाला, त्या कॉलनीच्या सभासद नाहीत. मी म्हणालो, सभासद ६४ होते, त्यातल्या एकाचं तरी झाड ओळखून दाखव. नको तेही बोललो, त्याच्या पोरानं बांधलेल्या गच्चीबद्दल. ते बोलायला नको होतं.

आपल्या ग्रामदैवतानं, सिद्धरामेश्वरांनी, लोकांना जमवून तळं खोदलं असं आपण गड्ड्याच्या यात्रेत लहानपणापासून ऐकतो. तिथं माणसं टिकवायची युक्ती काय असेल? मला तर एवढंच दिसतं की जो माती वाहत होता त्याचीच घागर त्या तळ्यात बुडणार होती. त्या तळ्याला कुलूप लावून "सकाळी ६ ते ९" अशी पाटी लावली असती तर कोण आलं असतं?

तर तुमच्या प्रश्नाकडं येतो. पुढच्या रविवारी श्रमदान ठेवूच नका. त्याऐवजी एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी एक ते तीन बागेत जाऊन बसा आणि कोण येतं ते बघा. डबा खाणारा गवंडी, फळांची गाडी सावलीला लावणारा, अभ्यास करणारी पोरं, रिक्षावाले, सुनेशी पटत नाही म्हणून आलेल्या आजी. तो तुमचा गट. त्यांना टोपी-टीशर्ट देऊ नका, टाकीची तोटी आणि घागर कुठं ठेवलीय तेवढं दाखवा. आणि काही चुकलं तर ओरडू नका.

झाडांचं माझ्या धंद्यातलं एक सांगतो: तारेखाली गुलमोहर लावलात तर पुढचा वायरमन तुम्हाला शिव्या घालेल. ठिसूळ लाकूड, वळवाच्या वाऱ्यात पहिलं तेच तुटतं. तारेखाली तगर, जास्वंद, कढीपत्ता पुरे. कण्हेर पाण्याविना तगते, पण विषारी आहे, पोरांच्या घसरगुंडीजवळ नको. जागा सोसायटीची की महापालिकेची हे मंजूर लेआउटवर बघून लेखी परवानगी घ्या, आणि आधीचं झाड तोडायचं मनात असेल तर १९७५ चा वृक्ष कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय हात लावू नका.

आता थोडं मित्राच्या बाजूनं, नाहीतर माझी बायको हे वाचून मला बोलेल. रात्री कुलूप हवंच. आम्ही दोन महिने उघडं ठेवलं तर मोटरची केबल गेली आणि सकाळी बाटल्या सापडल्या. पेव्हरही अगदीच वाईट नाहीत. काळ्या मातीच्या चिखलात काठी टेकत चालणाऱ्या म्हाताऱ्यांचा पावसाळ्यात तोच आधार, फक्त बुंधे मोकळे हवेत. त्याच्या लॉनचा तोटीजवळचा दहा बाय दहाचा तुकडा आपोआप जगलाय आणि रांगणारी पोरं तिथंच सोडतात. आणि तंबाखूच्या वासाची तक्रार खोटी नव्हती, दोन घरांना खरंच त्रास होता. अक्का आता पश्चिमेच्या करंजाखाली बसतात, तिकडून वारा घरांवर जात नाही. ही तडजोड मीटिंगमध्ये पाच मिनिटांत झाली असती. आम्हा दोघांपैकी कुणालाच सुचली नाही, ती अक्कांनीच काढली.

पाटी अजून आहे. मित्र रोज सव्वापाचला फिरायला येतो, त्याच करंजाखालच्या बाकावर बूट झटकतो, मी दिसलो की मोबाईल काढतो. २८ झाडं आहेत. बहावे दोन, गेल्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा फुलले, त्याचा फोटो ग्रुपवर त्यानंच टाकला होता.

तुमच्या फाटकाला नवीन कुलूप घेणार असाल तर तीन चाव्यांचं घ्या. दोन चाव्यांच्या कुलपाची तिसरी करायला जावं लागतं, आणि मग ती केली कुणी ते शोधलं जातं.